प्रत्यक्षार्थवाद निकालात निघाला, मग संशोधनपद्धतीत तो अजून का शिकवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रत्यक्षार्थवाद (पॉझिटिव्हिझम) म्हणजे निरीक्षणाने तपासता येते तेच ज्ञान, असे मानणारा विचार. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात प्रबंधात 'माझे संशोधन प्रत्यक्षार्थवादी चौकटीतले आहे' असे लिहायला सांगतात. तत्त्वज्ञानाचे पुस्तक उघडावे, तर प्रत्यक्षार्थवाद विसाव्या शतकाच्या मध्यालाच निकालात निघाला असे वाचायला मिळते. मग यातले खरे काय? आणि विज्ञान मानणारा माणूस प्रत्यक्षार्थवादी असतोच का?

मी आधी मापनशास्त्रात काम केले आणि पुढे बरीच वर्षे संशोधक विद्यार्थ्यांना विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकवते आहे. माझे उत्तर असे की दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती एकाच गोष्टीबद्दल नाहीत. निकालात निघाली ती ज्ञानाला कुंपण घालणारी उपपत्ती: अमुक रेषेच्या आत जे आहे तेच जाणता येते, बाहेरचे सगळे निरर्थक. टिकून राहिली ती एक शिस्त: 'हे तुम्हाला कसे कळले, आणि तुमचे चुकत असते तर ते कशावरून कळले असते?' असे प्रत्येक दाव्याला विचारायची. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. म्हणूनच तिला त्या कुंपणापासून वेगळे काढणे गरजेचे आहे.

सुरुवात ऑग्युस्त कॉम्तपासून करू, कारण त्याचे नाव सगळे घेतात आणि त्याला वाचणारे थोडे. कॉम्तचा (१७९८–१८५७) काळ फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीचा. जुनी राजसत्ता गेली होती, चर्चची पकड ढिली झाली होती, आणि समाजाची घडी पुन्हा कशाच्या आधारावर बसवायची हा प्रश्न सगळ्यांपुढे होता. १८३० ते १८४२ या काळात सहा खंडांत त्याने आपले तत्त्वज्ञान मांडले. मानवी विचार तीन अवस्थांतून जातो असे तो म्हणतो. आधी घटनांमागे देवदेवता दिसतात. मग त्यांची जागा 'शक्ती', 'सारतत्त्व', 'निसर्गाचा हेतू' असल्या अमूर्त गोष्टी घेतात. शेवटी माणूस अंतिम कारणांचा पाठलाग सोडतो आणि घटनांमधले नियमित संबंध शोधू लागतो. दगड मुळात का पडतो हे विचारणे थांबते, कोणत्या नियमाने पडतो हे विचारणे सुरू होते. गणित, खगोलशास्त्र, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि सर्वांत शेवटी समाजशास्त्र, अशा क्रमाने शास्त्रे या तिसऱ्या अवस्थेला पोचतात. समाजशास्त्र हे नाव रूढ झाले तेही त्याच्यामुळेच.

त्याच्याबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. 'आधी निरीक्षणे गोळा करा, सिद्धान्त आपोआप निघतील' असे कॉम्तने म्हटलेले नाही. हाताशी काही सिद्धान्त असल्याशिवाय निरीक्षणे जुळवताही येत नाहीत, पुष्कळदा ती नजरेलाही पडत नाहीत, हे त्याने पहिल्याच व्याख्यानात सांगितले आहे. त्याची चूक दुसऱ्या जागी झाली.

१८३५ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात खगोलशास्त्राची मर्यादा आखताना तो लिहितो की ताऱ्यांचे आकार, अंतरे, गती हे सारे आपल्याला ठरवता येईल, पण त्यांची रासायनिक घडण कोणत्याही मार्गाने कधीच अभ्यासता येणार नाही. कॉम्त १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, हायडेलबर्गला गुस्टाव्ह किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन ज्योतींचे वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणारे रंगांचे पट्टे, तपासत होते. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात हे फ्राउनहोफरने चाळीसेक वर्षे आधी बारकाईने नोंदवून ठेवले होते. त्यांतल्या पिवळ्या भागातल्या दोन रेषा नेमक्या तिथेच पडत, जिथे मीठ टाकलेली ज्योत चमकदार पिवळ्या रेषा देते. किर्खहोफने सूर्यप्रकाश त्या मिठाच्या ज्योतीतून जाऊ दिला. सहज विचार केला तर ज्योतीचा पिवळा प्रकाश त्या काळ्या जागा भरून काढील असे वाटते. मंद सूर्यप्रकाशात झालेही तसेच. पण सूर्यप्रकाश पुरेसा प्रखर केला, तेव्हा रेषा आणखी गडद झाल्या. म्हणजे जी वाफ विशिष्ट रंगाचा प्रकाश देते, तीच मागून येणारा त्या रंगाचा प्रकाश शोषून घेते. आणि मिठात असते ते सोडियम सूर्याच्या वातावरणातही आहे. पुढे १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा आढळली. नॉर्मन लॉकयरने ती नव्या मूलद्रव्याची मानली. तो हेलियम विल्यम रॅम्झीला पृथ्वीवर सापडला १८९५ मध्ये.

या प्रसंगातून 'विज्ञानात अशक्य म्हणू नये' असा धडा काढला जातो. तो मला उथळ वाटतो, कारण विज्ञानात अशक्य गोष्टी असतातच. शाश्वत गतियंत्र घडत नाही ते नाहीच. कॉम्तची चूक निराळ्या जातीची होती. त्याच्या काळी घटक ओळखायचे म्हणजे पदार्थ हाती घेऊन त्याचे विघटन करायचे. निरीक्षणाचे ते रूप त्याने निरीक्षणाची कायमची व्याख्या असल्यासारखे धरले. प्रकाश आणि द्रव्य यांचा नवा संबंध कळला आणि काचेच्या लोलकातली रेष हेच रसायनाचे निरीक्षण झाले. निरीक्षणाची हद्द सिद्धान्तामुळे सरकते. पुढच्या प्रत्यक्षार्थवाद्यांना हाच मुद्दा पुन्हा पुन्हा नडला.

ऑस्ट्रियाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ अर्न्स्ट माखचे तेच झाले. विज्ञान म्हणजे अनुभवांचे काटकसरीने केलेले वर्णन, असे तो मानी; म्हणून न दिसणारे अणू त्याच्या लेखी हिशेबाची सोय होते, खऱ्या वस्तू नव्हेत. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचे गणित अणूंच्या धडकांवरून मांडले आणि १९०८ च्या सुमारास झां पेरँने ते प्रयोगाने तपासले. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक मार्गांनी ठरावीक प्रमाणातल्या पदार्थातील कणांची संख्या जवळजवळ तीच येऊ लागली, तेव्हा विल्हेल्म ओस्टवाल्डसारख्या कट्टर विरोधकानेही अणू मान्य केले. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर माखवर अन्याय होईल. न्यूटनच्या निरपेक्ष अवकाशाला आणि निरपेक्ष काळाला 'हे मोजायचे कसे?' असे त्यानेच १८८३ मध्ये खडसावून विचारले होते, आणि आपल्या सापेक्षतेच्या विचारावर त्या टीकेचा प्रभाव पडल्याचे आइन्स्टाइनने उघड मान्य केले आहे. प्रश्न एकच. एका ठिकाणी त्याने नवे भौतिकशास्त्र जन्माला घातले, दुसऱ्या ठिकाणी खरी गोष्ट नाकारायला लावली. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी तो प्रश्न म्हणून विचारला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी निकाल म्हणून.

आता माझ्या कामातले एक उदाहरण जरा जवळून दाखवते: तापमापक. प्रत्यक्षार्थवादाची कल्पना अशी की सर्वांत तळाशी शुद्ध निरीक्षणे असतात आणि त्यांवर सिद्धान्ताची इमारत चढते. तापमापकावर दिसणारा आकडा हे असे तळाचे निरीक्षण आहे का?

पारा काचेच्या नळीत भरला, बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर अशा खुणा केल्या आणि मधल्या अंतराचे शंभर सारखे भाग पाडले. हे 'सारखे भाग' पाडताना आपण गृहीत धरले की पारा तापमानाबरोबर एकसारखा प्रसरण पावतो. ते तपासायचे तर प्रत्येक तापमानाला पाऱ्याचे आकारमान मोजावे लागेल, म्हणजे तापमान आधीच ठाऊक हवे, म्हणजे तापमापक हवा. तोच तर आपण बनवतो आहोत. अल्कोहोल घेतले तर शून्याला आणि शंभराला जुळवलेले मापक मध्ये पाऱ्याशी काही अंशांनी फटकून वागते. खरे कोणते? शिवाय उकळबिंदू तरी स्थिर कुठे आहे? हवेचा दाब सोडाच, भांडे काचेचे की धातूचे, पाण्यात विरघळलेली हवा किती, यांवरही उकळते पाणी थोडे वरखाली होते. १७७६ मध्ये रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली. तापमापकाचा गोळा पाण्यात बुडवण्याऐवजी वाफेत धरावा, ती अधिक स्थिर राहते, असे तिने सुचवले.

ही कोंडी १८४० च्या दशकात फोडली आंरी व्हिक्तोर रेन्योने. त्याने 'खरे तापमान' काय हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि साधी कसोटी लावली: एकाच जातीचे दोन मापक, थोडे वेगळे बनवलेले, एकमेकांशी जुळतात का? वेगवेगळ्या काचेतले पाऱ्याचे मापक वरच्या तापमानाला जुळेनात. हवेचे मापक मात्र आतली हवा दाट असो की विरळ, जुळत राहिले. पारा असा बाद झाला. प्रत्यक्षार्थवादी वृत्तीचे इतके सुंदर काम मला दुसरे ठाऊक नाही: जे तपासता येत नाही त्याच्यावर भिस्त नाही, आणि जे तपासता येते ते निर्दयपणे तपासायचे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढे केल्विनने तापमानाची व्याख्या कोणत्याही विशिष्ट पदार्थावर न टेकता उष्मागतिकीवर, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या नियमांवर, टेकवली. आणि २० मे २०१९ पासून केल्विन हे एकक ठरते ते बोल्ट्झमनचा स्थिरांक १.३८०६४९ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्विन इतका निश्चित धरून. लुडविग बोल्ट्झमन म्हणजे अणूंच्या बाजूने माखशी झुंजलेला माणूस. आज तापमापकावरचा साधा आकडा मुळापर्यंत शोधत गेलात तर खाली शुद्ध निरीक्षण लागत नाही, अणूंच्या सिद्धान्तातला स्थिरांक लागतो. याने आकडा कमी विश्वासार्ह होत नाही, उलट अधिक होतो. पण 'खाली निरीक्षण, वर सिद्धान्त' हे चित्र मात्र मोडते.

आता व्हिएन्ना, जिथे प्रत्यक्षार्थवादाने नवे रूप घेतले. मोरिट्झ श्लिक १९२२ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात आला आणि त्याच्याभोवती हान्स हान, ओटो नॉयराथ, रुडॉल्फ कार्नाप अशी मंडळी जमली. १९२९ मध्ये व्हिएन्ना मंडळाचा जाहीरनामा निघाला. त्यांच्याकडे कॉम्तजवळ नसलेले एक हत्यार होते, फ्रेगे आणि रसेल यांचे नवे तर्कशास्त्र. त्यांचे म्हणणे असे: अर्थपूर्ण विधाने दोनच प्रकारची. एक, तर्क आणि गणित यांची, जी शब्दांच्या अर्थावरूनच खरी ठरतात. दुसरी, अनुभवाने पडताळता येतील अशी. यांपैकी कशातच न बसणारे विधान खोटेही नसते, ते निरर्थक असते. हेच पडताळणीचे तत्त्व.

हे वाचून अनेकांना ही माणसे रुक्ष वाटतात. त्यांचा काळ लक्षात घ्या. वंशाचे, रक्ताचे, राष्ट्रात्म्याचे गूढ बोलणे युरोपात माणसांच्या जिवावर उठत होते. नॉयराथ कामगारांच्या शिक्षणासाठी आकडेवारी चित्रांतून दाखवणारे संग्रहालय चालवत होता. 'तुम्ही म्हणता त्याचा नेमका अर्थ काय आणि ते तपासायचे कसे?' हा प्रश्न तिथे धाडसाचा होता. २२ जून १९३६ रोजी श्लिकला त्याच्याच एका माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या जिन्यावर गोळ्या घातल्या; मारेकऱ्याचे कारण मुख्यतः वैयक्तिक होते, तरी वृत्तपत्रांतल्या काही लेखकांनी दोष श्लिकच्या विचारांना दिला. मंडळ पांगले. कार्नाप त्याआधीच अमेरिकेत गेला होता; नॉयराथही आधीच हॉलंडला गेला होता आणि पुढे तिथून इंग्लंडला गेला.

उपपत्ती म्हणून मात्र पडताळणीचे तत्त्व टिकले नाही. विद्यार्थी सहसा पहिला आक्षेप आनंदाने सांगतात: हे तत्त्व स्वतः तर्काने खरे नाही आणि अनुभवाने पडताळताही येत नाही, म्हणजे तेच निरर्थक. हा आक्षेप वाटतो तितका जड नाही, कारण ते तत्त्व म्हणजे भाषा कशी वापरावी याचा प्रस्ताव आहे असे कार्नाप उत्तर देऊ शकतो. जड आक्षेप दुसरे आहेत. 'सर्व धातू तापवल्यावर प्रसरण पावतात' हे विधान कितीही धातू तापवले तरी पुरते पडताळून होत नाही, मग निसर्गनियमच निरर्थक ठरतात. हे टाळायला अट सैल केली की काहीही आत शिरते: इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअरने १९४६ मध्ये सुधारून दिलेल्या निकषातून जवळपास कोणतेही विधान अर्थपूर्ण ठरवता येते हे अलॉन्झो चर्चने १९४९ मध्ये काटेकोरपणे दाखवले. कार्ल हेम्पेलने १९५० मध्ये सगळे प्रयत्न एकत्र तपासून तोच निष्कर्ष काढला, आणि हेम्पेल याच परंपरेतला. क्वाइनने १९५१ मध्ये त्या दोन प्रकारांतली भिंतच काढली, तोही कार्नापचा शिष्यवत मित्र. टॉमस कूनचे वैज्ञानिक क्रांत्यांवरचे १९६२ चे पुस्तक निघाले ते याच लोकांनी सुरू केलेल्या विश्वकोशमालेत, आणि संपादक म्हणून कार्नापने त्याचे स्वागत केले. आपल्या मतांची अशी चिरफाड घरातच करणारी दुसरी तत्त्वपरंपरा मला सहज आठवत नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर मुख्यतः यासाठी आहे.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचे नाव इथे येणारच. १९३४ मध्ये त्याने पडताळणीऐवजी खोटे ठरण्याची शक्यता हा निकष सुचवला, आणि तोही अर्थाचा नव्हे, तर विज्ञान ओळखण्याचा. हे सुधारलेले पाऊल आहे, पण त्यालाही खाचखळगे आहेत. युरेनसची गती न्यूटनच्या हिशेबाशी जुळेना. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेर्येने न्यूटनला खोटे ठरवले नाही. पलीकडे एक अज्ञात ग्रह असेल असे धरून त्याची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेला तो जवळपास तिथेच दिसला. तो नेपच्यून. पुढे १८५९ मध्ये बुधाचे गणित चुकते आहे हे त्याच ल व्हेर्येच्या लक्षात आले: उपसूर्य बिंदू (कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू) शतकाला सुमारे ४० विकला जास्त सरकत होता (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याने तीच युक्ती लावली, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा म्हणाला. लोकांनी तो 'व्हल्कन' अनेक वर्षे शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने तो फरक, शतकाला ४३ विकला, अचूक दिला. माणूस तोच, तर्क तोच, एकदा यश आणि एकदा अपयश. प्रयोगात तपासला जातो तो सिद्धान्त एकटा नसतो, त्याच्या सोबतची सारी गृहीतके असतात. दोष कुणाच्या माथी मारायचा हे निरीक्षण एकटे सांगत नाही. हे पिएर दुएमने १९०६ मध्येच लिहून ठेवले होते.

आता मूळ प्रश्नातला प्रबंधाचा भाग. सामाजिक शास्त्रांच्या पद्धतीच्या पुस्तकांत 'प्रत्यक्षार्थवादी' म्हणजे संख्यात्मक आणि 'अर्थनिर्वचनवादी' म्हणजे मुलाखती, असे दोन डबे असतात. ही विभागणी कॉम्तच्याही विचाराशी जुळत नाही आणि कार्नापच्याही. प्रश्नावली वाटून सरासरी काढली म्हणून कुणी प्रत्यक्षार्थवादी होत नाही. मुलाखतीतून निघालेल्या दाव्यालाही 'कशावरून?' हा प्रश्न तितकाच लागू होतो. त्या डब्यांच्या आड लपणारी खरी अडचण मापनाची असते. १९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंगने लिहिले की बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमापनाच्या चाचण्या जे मोजतात ते. चार वर्षांनी पर्सी ब्रिजमनने हाच विचार भौतिकीत मांडला: संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची क्रिया. ऐकायला हे फार काटेकोर वाटते. पण मग चाचणी बदलली की बुद्धिमत्ताही दुसरी, आणि पाऱ्याचे तापमान वेगळे, विद्युतरोधाचे वेगळे. आणि मुख्य म्हणजे चाचणी चुकीचे मोजते आहे असे म्हणण्याची सोयच उरत नाही. ती सोय मानसशास्त्राने १९५५ मध्ये परत मिळवली, क्रॉनबाख आणि मील यांनी संकल्पनेच्या वैधतेची मांडणी केली तेव्हा: 'चिंता' मोजता असे म्हणता, तर तिचा इतर कशाशी कसा संबंध असायला हवा ते आधी सांगा, आणि तो दिसतो का ते बघा. रेन्योने तापमापकांना लावलेल्या कसोटीचेच हे अधिक व्यापक रूप.

तेव्हा प्रबंधात त्या प्रकरणात काय लिहावे? मार्गदर्शकांना ते लेबल हवेच असेल तर एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. जागा द्या ती याला: तुमची मुख्य संकल्पना कोणती, ती ज्या प्रश्नांवरून वा नोंदींवरून ओळखता ती का निवडली, दुसऱ्या मार्गाने मोजली तर निकाल जुळतो का, आणि कोणता निकाल आला असता तर तुम्ही आपले म्हणणे मागे घेतले असते. शेवटचा भाग माहिती गोळा करण्याआधी लिहा आणि तारीख घालून मार्गदर्शकांकडे द्या. नंतर लिहिला तर हाती आलेल्या निकालाकडे बघून तो नकळत वळतो. न दिसणारी गोष्ट गृहीत धरायला घाबरू नका. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० मध्ये न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण सुचवला तेव्हा तो कधी सापडेल अशी त्याला स्वतःलाही आशा नव्हती, आणि १९५६ मध्ये कोवन आणि राइन्स यांनी तो अणुभट्टीजवळ टिपला. तुमची न दिसणारी गोष्ट 'सामाजिक भांडवल' असो की 'संस्थात्मक विश्वास', ती असेल तर कुठे काय वेगळे दिसेल एवढे मात्र तुम्हाला सांगता आले पाहिजे. परीक्षकांनी 'तुमची चौकट कोणती?' असे विचारले तर हेच सांगा. जाणकार परीक्षक पुढचा प्रश्न त्यातूनच काढतील.